‘पगार घेतात ना?’ म्हणणाऱ्यांसाठी, आणि ‘घुसून मारा’ म्हणणाऱ्यांसाठीही

माजी सैनिकांच्या पेन्शनवर मागे चार ओळी लिहिल्या होत्या. खाली ज्या कमेंटी आल्या त्यांचे सरळ दोन ढीग पडले. एका ढिगातले लोक म्हणाले, "सैनिक काही फुकट लढत नाही, पगार घेतो, कॅन्टीन घेतो, पेन्शन घेतो. स्वतःच्या मर्जीने गेला. मग एवढं कौतुक कशाला?" दुसऱ्या ढिगातल्यांनी पन्नासेक तिरंगे चिकटवले, ‘भारत माता की जय’ लिहिलं आणि लगेच पुढच्या ओळीत, "एकदाचं घुसून संपवा ना साल्यांना."

पहिल्यांचा राग येतोच. पण खरं सांगायचं तर मला दुसऱ्यांची जास्त काळजी वाटते. पहिला निदान हिशेब तरी मागतो. दुसऱ्याला हिशेबच नको असतो. त्याच्यासाठी सैनिक म्हणजे मोबाइलच्या स्क्रीनवरचं चित्र. ते न दमतं, न घाबरतं, न म्हातारं होतं.

दोघांनाही मी एकच गोष्ट सुचवणार आहे. लढाईतून जिवंत परत आलेल्या एका तरी माणसाचं चरित्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. सिनेमा नको, रील नको, ‘अंगावर काटा आणणारी कहाणी’ असा फॉरवर्डही नको. पुस्तक. का, ते सांगतो. आणि मोघम बोलायला नको म्हणून एकच पुस्तक घेतो.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. पुढे ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले. २०२५च्या ऑगस्टमध्ये गेले, तेव्हा दिवसभर श्रद्धांजलीच्या पोस्ट फिरल्या आणि दुसऱ्या दिवशी आपण सगळे पुढच्या विषयाला लागलो. त्यांच्यावर आणि त्यांच्या सोबत्यांवर फेथ जॉन्स्टन या लेखिकेने ‘फोर माइल्स टू फ्रीडम’ नावाचं पुस्तक लिहिलंय, २०१३ सालचं. बाई परदेशातल्या. आपल्या माणसाची गोष्ट सविस्तर लिहायला तिकडून कुणीतरी यावं लागलं, हा टोमणा आहे आणि तो मी आपल्या सगळ्यांनाच मारतोय.

परुळकरांची ओळख १९७१ पासून करून देतात, पण ती १९६५ पासून करायला हवी. त्या युद्धात ते हंटर विमान उडवत होते. जमिनीवरून मारा झाला, विमानाला गोळ्या लागल्या, उजव्या खांद्याला जखम झाली. त्यांच्या लीडरने सांगितलं, विमान सोड, उडी मार. त्यांनी तसल्या अवस्थेत विमान परत तळावर आणलं. वायुसेना पदक मिळालं. समजा, तुमच्या-माझ्या आयुष्यात एवढं घडलं असतं. पुढची चाळीस वर्षं आपण लग्नाकार्यात दुसरं काही बोललो नसतो. हा गडी सहा वर्षांनी परत कॉकपिटमध्ये बसला.

१० डिसेंबर १९७१. या वेळी सुखोई-७. विमान पडलं, उडी मारावी लागली आणि ते पाकिस्तानच्या हाती लागले. रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे एकूण १२ वैमानिक जमा झाले. त्यांतली काही नावं वाचा: कोएलो, जाफा, कामत, तेजवंत सिंग, भार्गव, ग्रेवाल, हरीश सिंहजी, पेठिया, कुरुविला, मुल्ला-फिरोज, चाटी. बारा जणांत ख्रिश्चन, शीख, पारशी, मराठी, पंजाबी, मल्याळी सगळे. कोणी कोणाला ‘तू कुठला’ म्हणून विचारत बसलं नव्हतं.

आता पुस्तकातलं जे मला महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. पळून जाण्याचा थरार नंतर येतो. त्याच्या आधी येतात ते दिवस. एकट्याची कोठडी. चौकशी. बाहेर युद्ध संपलं की चालू आहे, हे कळायला मार्ग नाही. घरी आपल्याबद्दल काय कळवलंय, ‘बेपत्ता’ की ‘मृत’, याची कल्पना नाही. शेजारच्या खोलीत कोण आहे, आपला माणूस की दुसरा कुणी, हे फक्त आवाजावरून ताडायचं. विमानातून उडी मारली की पाठीच्या कण्यावर किती भयंकर जोर येतो हे आपल्याला कधी कुणी सांगत नाही. सिनेमात पॅराशूट फुलासारखं उघडतं आणि हिरो खाली उतरून चालायला लागतो. इथे माणसं मणके दुखावलेली, पाय मोडलेली, प्लास्टरमध्ये.

त्या भार्गवांचीच गोष्ट बघा. विमान सिंधच्या वाळवंटात पडलं. पाठ दुखावलेली, तसेच चालत राहिले. एका वस्तीवर लोकांनी गाठलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, मी पाकिस्तानी वैमानिक, नाव मन्सूर अली खान. (क्रिकेटच्या पतौडींचं नाव. घाईत माणसाला जे आठवतं ते.) लोकांनी विश्वास ठेवला, चहापाणी दिलं. एका शाळामास्तराला तेवढी शंका येत राहिली. शेवटी रेंजर्स आले आणि त्यांनी सांगितलं, कलमा म्हणून दाखव. तिथे सोंग संपलं.

हे वाचताना मला फेब्रुवारी २०१९ आठवला. २७ तारखेला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात गेले. जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला नाव, हुद्दा, क्रमांक आणि जन्मतारीख, एवढंच सांगणं बंधनकारक असतं. बाकी काही न सांगण्याचा त्याला हक्क आहे. ते तिकडे चहाचा कप हातात धरून, मी याहून जास्त सांगू शकत नाही म्हणत होते. आणि त्याच वेळी आपण इथे काय करत होतो? त्यांचं घराणं, वडील हवाई दलात कोण होते, घर कुठे, हे सगळं अभिमानाने फॉरवर्ड करत होतो. जे चौकशीत त्यांच्याकडून काढता आलं नसतं ते आपण फुकटात जगभर वाटलं, वर छातीवर हात ठेवलेली इमोजी. ते १ मार्चला परत आले म्हणून बरं. भार्गवांच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅप असतं तर ‘मन्सूर अली खान’ दहा मिनिटं टिकला नसता, आणि त्याला उघडं पाडायला शाळामास्तर लागला नसता. आपणच पुरलो असतो.

तर, छावणी. परुळकरांच्या डोक्यात पहिल्यापासून एकच होतं: निसटायचं. आपण सगळे एव्हाना हेच म्हणणार, वा! वाघ! पण जरा थांबा. बारा जणांचं त्यावर एकमत नव्हतं. युद्ध डिसेंबरातच संपलेलं होतं. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला होता. आज ना उद्या सोडणारच होते. मग जीव धोक्यात घालायचा कशाला? मागे राहणाऱ्यांवर राग निघाला तर? ज्यांच्या पाठी आणि पाय धड नाहीत त्यांचं काय? हे प्रश्न विचारणारे भित्रे नव्हते. तेही तितकेच शूर, त्याच आकाशातून पडलेले. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या वीरकथेत सगळे एकाच सुरात बोलतात. खरे सैनिक भांडतात, वाद घालतात, आणि निर्णय झाला की एकमेकांना मदत करतात. जे पळणार नव्हते त्यांनीही हात लावला. कुरुविलांनी सुईला चुंबकत्व देऊन कपड्याच्या टिचबटनावर फिरणारं होकायंत्र बनवलं. विमानातल्या जी-सूटपासून पाण्याची पिशवी झाली. करारानुसार कैद्यांना जो थोडा भत्ता मिळायचा तो साठवून प्रवासखर्च जमवला. भिंतीला भोक पाडायला हत्यारं कोणती, तर स्क्रू-ड्रायव्हर आणि कात्री. आठवडे लागले. निघालेला चुना-माती खोलीतच दडवायची, दिवसा तोंड साधं ठेवायचं, रात्री परत खरवडायचं.

रात्र निवडली १२-१३ ऑगस्टची. १४ला पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, म्हणजे सुट्टीचा ढिलेपणा मिळेल असा हिशेब. परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे भिंतीतून बाहेर पडले. सोंग घेतलं पाकिस्तानी हवाई दलातल्या ख्रिश्चन जवानांचं, सुट्टीवर फिरायला निघालेल्या. भारताची सीमा जवळ होती, पण तिकडे जायचं नाही असं ठरलेलं, कारण सगळे तिकडेच शोधणार. म्हणून उलट दिशेने, पेशावर आणि खैबर खिंडीतून अफगाणिस्तान. कधी बस, कधी टांगा, कधी पायी. पेशावर गेलं, जमरूद गेलं, सकाळ उलटायच्या आत लंडी कोतल गाठलं.

तिथून सीमा राहिली होती चार मैल. पुस्तकाचं नाव त्यावरूनच.

आणि घात कशाने झाला? नकाशाने. त्यांच्याजवळच्या नकाशात सीमेलगत लंडी खाना नावाचं रेल्वे स्टेशन होतं. त्यांनी बाजारात सहज विचारलं, लंडी खान्याला कसं जायचं? ते स्टेशन १९३२ मध्येच बंद झालं होतं! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनचा पत्ता विचारणारे तीन परके तरुण. लोकांना संशय आला, तहसीलदाराकडे नेलं, आणि खेळ आटोपला.

मी हे पान वाचून पुस्तक मिटलं आणि चक्क घरातून खाली उतरून एक चक्कर मारून आलो. चार मैल म्हणजे सहा-साडेसहा किलोमीटर. आपल्याकडे लोक सकाळी हाफ पँट घालून तेवढं चालतात आणि स्टेटस टाकतात.

पण त्याच्या पुढचं पान ‘घुसून संपवा’वाल्यांनी मुद्दाम वाचावं. सरहद्दीवरच्या त्या भागात हेर समजून मारून टाकलं असतं तरी विचारणारं कोणी नव्हतं. परुळकरांनी तहसीलदाराच्या फोनवरून पाकिस्तानी हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याला गाठलं. उस्मान हमीद. छावणीचा पूर्वीचा प्रमुख, आता त्यांच्या हवाई दलप्रमुखाचा एडीसी. हमीदने एका क्षणात ओळखलं की आपले कैदी पळालेत. तो काय म्हणाला असेल? त्याने तहसीलदाराला सांगितलं की ही आपलीच माणसं आहेत, कोंडून ठेवा पण अंगाला हात लावू नका. याच माणसाने डिसेंबर १९७१ मध्ये नाताळच्या दिवशी सगळ्या कैद्यांना पहिल्यांदा एकत्र आणून केक खाऊ घातला होता. आता बोला. मी पाकिस्तानचं गुणगान करत नाहीये. याच देशाच्या ताब्यात गेलेल्या काही माणसांबद्दल पुढे लिहितोच आहे. पण ज्याने शत्रू प्रत्यक्ष बघितलाय, त्याचा मार खाल्लाय आणि त्याच्या हातचा केकही खाल्लाय, तो माणूस ‘संपवा’ हा शब्द तुमच्यासारखा सोप्पा वापरत नाही. लढून आलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या फौजीशी बोलून बघा. मी बोललोय. लढाईचा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली येतो. आपला चढतो.

तिघांना परत आणलं, एकांतवास झाला, मग सगळ्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवलं. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून ६०० हून अधिक भारतीय युद्धकैदी परत आले. परुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळालं.

आता पहिल्या ढिगाकडे येतो. ‘पगार घेतात ना?’

घेतात. मग? डॉक्टर घेतो, वायरमन घेतो, बँकेतला साहेब घेतो, मीही घेतो. पण आपल्या कुणाच्या नेमणूकपत्रात असं अभिप्रेत नसतं की तुला एखाद्या दिवशी मर म्हटलं तर मरावं लागेल आणि नाही म्हणायची सोय नाही. पगार रोजच्या ड्युटीचा असतो. त्या दिवसाचा नसतो, कारण त्या दिवसाचा दर ठरवताच येत नाही. वर्षभराची कैद आणि चौकशी, आपण जिवंत आहोत हे आईला कळलंय की नाही याची रोजची घालमेल, हे कुठल्या वेतन आयोगाच्या तक्त्यात बसवायचं? चरित्र वाचल्याने हेच होतं. ‘बलिदान’, ‘शौर्य’ असल्या मोठ्या शब्दांच्या जागी दिवस येतात, तास येतात, दुखणारी पाठ येते. माझी कृतज्ञता आधी भाषणातली होती, आता ती तपशिलातली झाली, एवढाच फरक. पण तो फरक फार मोठा आहे. तपशील माहीत असलेल्या माणसाला पुढचे प्रश्न पडायला लागतात.

पहिला प्रश्न: परत न आलेल्यांचं काय?

१९७१ मधल्या बेपत्ता भारतीय सैनिकांची एक यादी आहे, ‘मिसिंग ५४’ नावाने ओळखली जाते. ती संसदेत मांडली गेली होती. तिच्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे नाव आहे. तेही सुखोईच उडवायचे. ५ डिसेंबरला शोरकोटवर विमान पडलं. पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांच्या यादीत त्यांच्याशी जुळणारं नाव छापून आलं. म्हणजे आशेला जागा होती. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. कैद्यांची अदलाबदल झाली, परुळकर आणि मंडळी वाघ्याने आली, तांबे आले नाहीत. मेजर अशोक घोष यांचं तर छायाचित्र २७ डिसेंबर १९७१ च्या ‘टाइम’ साप्ताहिकात गजांआड बसलेलं छापून आलं, घरच्यांनी ते ओळखलं. तेही आले नाहीत. पाकिस्तान म्हणत राहिलं, आमच्याकडे कुणी नाही. आपण पाकिस्तानचे ९३ हजार कैदी सोडले आणि आपल्या ५४ जणांचा पत्ता लावता आला नाही. २००७ मध्ये काही नातेवाइकांना तिकडच्या तुरुंगांत नेऊन आणलं. हाती काही लागलं नाही.

मला सांगा, दरवर्षी १६ डिसेंबरला विजय दिवस साजरा करताना या ५४ जणांचं नाव कुठल्या फ्लेक्सवर बघितलंत? सरकारं आली, गेली, सगळ्या रंगांची. हा कुठल्या एका पक्षाचा विषय नाही म्हणूनच बहुधा कुणाचाच नाही. एकाच महिन्यात, एकाच जातीच्या विमानातून पडलेली दोन माणसं. एक परत येते, तिच्यावर पुस्तक निघतं, सिनेमा निघतो. दुसरीची बायको पन्नास वर्षं अर्ज करत राहते.

दुसरा प्रश्न: चरित्र कुणाचं लिहिलं जातं?

वाघ्यावरून परतलेल्या सहाशेंमध्ये वैमानिक मोजकेच. बाकी सगळं मुख्यतः पायदळ आणि इतर दलं, म्हणजे शिपाई, नाईक, हवालदार. त्यांच्यावर पुस्तक? सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, तसा स्तंभ आहे तिथे. घराघरात फौजी. त्या गावातली किती माणसं आपल्याला नावाने माहीत आहेत? अधिकाऱ्याला इंग्रजी येतं, लेखिकेला मुलाखत देता येते, कागदपत्रं जपलेली असतात. शिपाई येऊन शेतात जातो नाहीतर कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर काठी घेऊन बसतो.

इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर घ्या. ईएमईमधले जवान, बॉक्सर. १९६५ च्या युद्धात सियालकोटच्या बाजूला गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं. भारताचं त्या स्पर्धांमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री कधी? २०१८. आपल्याला नाव कधी कळलं? २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ आला तेव्हा. मधली पन्नास वर्षं हा माणूस पुण्या-सांगलीकडेच, आपल्यातच होता! आणि सिनेमा बघून शिट्ट्या मारणाऱ्यांपैकी किती जणांनी घरी येऊन विचार केला की त्याच १९६५ आणि १९७१ मध्ये लुळे झालेले, पण पोहता न आलेले, पदक न मिळवलेले जवान कसे जगले?

इथून तिसरा प्रश्न येतो आणि तो सगळ्यात कडू आहे. थोडा रुक्ष वाटेल, पण वाचा.

सैन्यात भरती होताना मुलाची कडक वैद्यकीय तपासणी होते. तो तंदुरुस्त ठरतो तेव्हाच घेतात. मग वीस-बावीस वर्षं सियाचेनपासून राजस्थानपर्यंत सेवा. बाहेर पडताना वैद्यकीय मंडळ म्हणतं, होय, अपंगत्व आहे, पण ते ‘सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही’. म्हणजे अपंगत्वाचं पेन्शन नाही. मग अपील. फेटाळलं. दुसरं अपील. फेटाळलं. मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत. तिथे जवान जिंकला तरी सुटका नाही, सरकार वरच्या कोर्टात जाऊ शकतं, आणि जातं. २०१३ मध्ये धर्मवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असंच धरून चालायचं, आजार सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सैनिकावर टाकायची नाही. २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्यावरून सरकारची शेकडो अपिलं एकत्र फेटाळली गेली. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी ही कोर्टबाजी कमी करण्यासाठी समिती नेमली. चांगलं पाऊल होतं. तरी २०१९ च्या जूनमध्ये परिपत्रक निघालं की अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर काढलेल्यांनाच या पेन्शनवर आयकर माफ. अपंगत्व घेऊनही ज्याने पूर्ण मुदत भरली त्याला नाही. म्हणजे जखम घेऊनही जो ड्युटी सोडून गेला नाही त्यालाच कर! २०२३ मध्ये नवे नियम आले आणि नावही बदललं.

यावर दुसरी बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. काही जण, विशेषतः वरच्या हुद्द्यावरचे, निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब-मधुमेह दाखवून सवलत पदरात पाडून घेतात असा आक्षेप घेतला जातो. असेल. जिथे पैसा आहे तिथे लबाडी असते. मग लबाड पकडा ना. वैद्यकीय मंडळ तुमचं, डॉक्टर तुमचे, कागद तुमचे. त्यासाठी बाजीरावाच्या बैलगाडीइतक्या जुन्या फायली घेऊन फिरणाऱ्या साठीतल्या हवालदाराला मुंबईपासून दिल्लीपर्यंत ओढत न्यायची गरज नाही. एका माणसाविरुद्ध अख्खं मंत्रालय, आणि दोघांच्याही वकिलांचा खर्च शेवटी आपल्याच खिशातून.

‘घुसून मारा’ म्हणणारे या विषयावर कधी बोलत नाहीत, हे मी अनेक वर्षं बघतोय. सीमेवरच्या सैनिकासाठी त्यांचं रक्त उसळतं. तोच सैनिक वर्दी उतरवून पेन्शनच्या खिडकीपाशी आला की ते थंड होतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ‘वन रँक वन पेन्शन’साठी जंतरमंतरवर बसलेल्या माजी सैनिकांना स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी ओढून काढलं, कपडे फाटले, पदकं छातीवर तशीच. तेव्हा टाइमलाइनवर किती तिरंगे होते?

गेटवरचं बोललो तर काहींना बोचलं असेल. बोचू दे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. एका सोसायटीत सुरक्षारक्षक म्हणून होते. तिथे १५ ऑगस्टला त्यांना शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली, सेल्फी झाले. १६ तारखेला एका सदस्याची गाडी लावायला उशीर झाला म्हणून त्याच सुभेदारांना मुलाच्या वयाच्या माणसाने ‘ए’ म्हणून हाक मारून झापलं. त्यांनी महिन्याभरात नोकरी सोडली. मला म्हणाले, "शाल घरी आहे, पाहिजे तर घेऊन जा."

आता मला काय हवंय? फार नाही.

तुमच्या गावात, गल्लीत कुणी १९६५, १९७१, श्रीलंका, कारगिल बघितलेला माणूस असेल तर त्याच्यापाशी जाऊन बसा आणि लिहून घ्या. १९७१ वाले आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, वेळ थोडा आहे. शौर्याचं विचारू नका, ते सांगत नाहीत. जेवायला काय मिळायचं, पाय कुठे दुखायचे, घरची पत्रं किती दिवसांनी यायची, परत आल्यावर पहिल्या रात्री झोप लागली का, हे विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवलंत तरी टाइप करायचं काम माझं.

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाइलवरूनही होतो, पण ऐंशीच्या माणसाच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, चेहरा जुळत नाही, ओटीपी येतो तो मुलाच्या नंबरवर आणि मुलगा असतो पुण्याला. शेजारच्या काकांचा, वीरपत्नी असलेल्या मावशींचा तेवढा दाखला करून द्या. अपंगत्वाच्या पेन्शनचा कागद अडकलेला असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा सोबत जा. तिथे बसून त्यांचा अर्ज नीट वाचा, तारखा लावा, झेरॉक्स काढा. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा पुढे आला तर दहाची नोट टाकताना फोटो काढला नाही तरी चालेल.

आणि आमदार-खासदार मत मागायला येतील तेव्हा दोनच प्रश्न: जिंकलेल्या सैनिकाविरुद्ध सरकारने अपिलात जायचं की नाही, तुमचं मत काय? आणि त्या ५४ जणांबद्दल तुम्ही सभागृहात शेवटचं कधी बोललात? उत्तर काय येतंय ते खाली कमेंटमध्ये लिहा. नेत्याच्या नावासकट लिहिलंत तरी चालेल, पक्ष कुठलाही असो. शिवीगाळ करणारी कमेंट मात्र काढून टाकीन, ती कुठल्याही ढिगातली असली तरी.